उन्हाळ्यातला नकाशा

चैत्र लागला की देवासच्या तळ्यावर सुरय येतात. फार नाहीत, दोन-चारच. डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच, मागे कात्रीसारखी दुभंगलेली शेपटी. पाण्यावर पुरुषभर उंचीवर जागच्या जागी पंख हलवत थांबतात आणि एकदम दगड पडावा तसे खाली येतात. मासा मिळाला तर घेऊन जातात, नाही मिळाला तर पुन्हा वर. मी पायरीवर बसून हे बघत असतो. शेजारचे मास्तर फिरायला जाताना थांबतात. "काय काकासाहेब, आज पण पक्षी बघून राहिले का?" मी "हो" म्हणतो. मला पक्ष्यांचा षौक आहे अशी माझी गावात ख्याती झाली आहे. एकेकाळी होता तो. आता मी बघतो ते निराळ्या कारणाने, आणि ते मास्तरांना सांगण्यासारखं नाही.

हे पक्षी इथे अंडी घालत नाहीत. त्यांना नदी लागते, आणि नदीतली कोरडी, उघडी वाळू लागते. ती नर्मदेला आहे. चैत्रात पाणी उतरलं की वाळूचे दांडे उघडे पडतात, आणि त्या तापलेल्या वाळूत नुसता खळगा करून हे अंडी घालतात. काडी नाही, पान नाही. अंड्यांचा रंगही वाळूचाच. पायाशी असली तरी दिसत नाहीत. हे सगळं मी वाचलेलं होतं, पण ती वाळू पाहिली एकाच उन्हाळ्यात. त्या उन्हाळ्यात आणखीही बरंच कळलं, पण ते कळायला फार उशीर झाला होता.

पहिली मोठी लढाई सुरू व्हायच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट. आम्ही तेव्हा धारेला होतो. आमचं घराणं दरबाराबरोबर दक्षिणेतून आलेलं, तीन पिढ्या दप्तरात खर्डेघाशी केलेली. मी नकाशे काढणारा कारकून होतो. मोजणीदार उन्हातान्हात हिंडून आकडे आणत, आणि मी सावलीत बसून त्यांच्या नद्या, नाले, टेकड्या कागदावर उतरवत असे. हात चांगला होता. तो चांगला आहे हे मला जरा जास्तच माहीत होतं.

घरात आम्ही दोघे भाऊ. आई कधीच गेली होती. दादाला क्षय झाला होता. त्याचं ठरलेलं लग्न त्यापायी मोडलं आणि नोकरीही सुटली. आजारी पडायच्या आधी त्याने इंदूरच्या छावणीतून एक पायगाडी आणली होती. तेव्हा सायकलला आमच्याकडे पायगाडीच म्हणत. धारेत तेव्हा अशा गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या. वर्षभरच चालवली त्याने. मग दम पुरेना. तरी रोज सकाळी ओट्यावर स्टूल टाकून तो ती गाडी पुसायचा. चाकाचा एकेक आरा तेलाच्या फडक्याने पुसायचा, सीट पुसायची, घंटी एकदा वाजवून बघायची आणि गाडी आत ठेवायची. धूळ बसलेली त्याला खपत नसे.

नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, दादासाठी नर्मदेची परिक्रमा बोलली होती. आमच्याकडे लोक हे करतात. नदी उजव्या हाताला ठेवून पायी चालायचं, मुखापासून उगमापर्यंत आणि उगमापासून मुखापर्यंत, दोन्ही काठांनी. तीन वर्षं लागतात. नदी ओलांडायची नाही. समुद्राच्या तोंडाशी नावेने पलीकडे जायचं, तेवढीच मुभा. नदीतल्या बेटावरसुद्धा पाय ठेवायचा नाही, कारण बेटावर गेलं की नदी दोन्ही हातांना येते. पाय पडला तर परिक्रमा खंडित, आणि पुन्हा पहिल्यापासून. नाना ओंकारेश्वराहून निघून दीड वर्ष झालं होतं, आणि दादाचं रक्त पडणं खरोखरच थांबलं होतं. वैद्य म्हणे माझ्या भस्माचा गुण. दादा म्हणे, "नाना चालताहेत तोवर मी आहे." हसत म्हणायचा, पण थट्टेने म्हणत नसे.

फाल्गुनात नानांचं कार्ड आलं. समुद्र झाला, आता उत्तरकाठाने परत फिरलो आहे, रामनवमीच्या सुमारास धरमपुरीजवळ असेन. रामनवमी सोमवारी होती, आदल्या दिवशी रविवार. दादा म्हणाला, "माझी गाडी घेऊन जा. मला तर जाता येत नाही, गाडी तरी भेटून येईल."

शनिवारी पहाटे निघालो. मागे कचेरीतली छोटी राहुटी गुंडाळून बांधली होती, पुढे पिशवीत दशम्या, गूळ, तांदूळ-डाळ आणि मोजणीची दुर्बीण. नकाशाची नळी पाठीला. दादा ओट्यावर कंदील धरून उभा होता. "उतारावर ब्रेकचा भरवसा धरू नकोस. उतर आणि चाल," एवढंच म्हणाला. मी वळणावर जाईतो तो तसाच उभा होता.

त्या वाटेचं मला अजून सगळं आठवतं. आठवू नये असं वाटलं तरी आठवतं. नालछ्याच्या पुढे पळस पेटलेला. मोहाचा गोडसर, जरा आंबूस वास. मांडवाच्या पडक्या घुमटांवर घिरट्या घालणाऱ्या घारी. एका विहिरीवर पाणी प्यायला थांबलो तर मोट हाकणाऱ्या म्हाताऱ्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "या गाडी कंई खाय है, भिया?" मी म्हटलं, "हवा." तो इतका हसला की त्याचे बैल थांबले. घाटात मी दादाचं ऐकलं, उतरून चाललो. पण खाली निमाडात शिरल्यावर उन्हाने जीव घेतला. धार ती धार, निमाड म्हणजे तवा. दोनदा चाक बसलं. बाभळीच्या सावलीत बसून रबराचे तुकडे चिकटवले. एवढं सगळं होऊन मी खूश होतो. इतका खूश मी त्यानंतर कधी नव्हतो, हे लिहून ठेवायला हरकत नाही.

दिवस मावळताना नदी आली. काठावरच्या महादेवापाशी एक वाळलेला, दाढीवाला बुवा बसला होता. मी त्यालाच विचारलं, "महाराज, इथे धारवाले परिक्रमावासी उतरलेत का?" तो बुवा म्हणाला, "गाडी दादाची आणलीस वाटतं." आवाज ऐकला तेव्हा नाना ओळखू आले.

मी काठाच्या वरच राहुटी ठोकली. तीन दगडांवर खिचडी केली. नाना राहुटीत आले नाहीत, बाहेर आपल्या घोंगडीवर बसले. दादा काय खातो, किती झोपतो, खोकला कोणत्या वेळी येतो, हे सगळं त्यांनी दोनदा विचारलं. मग समुद्राचं सांगू लागले. आमच्या घरात समुद्र पाहिलेलं माणूस नव्हतं. "पाणी नाही रे आधी. आधी चिखलच चिखल, कोसभर. आणि त्यात हे उंच, लाल पायांचे पक्षी, इतके की किनारा गुलाबी दिसून राहिला होता. चिखलात डोळे वर करून उड्या मारणारे मासे, एक नांगी मोठी, एक छोटी असे खेकडे. आपण चाललो की सगळे एका दमात बिळात. आणि वर ते काळ्या टोपीचे पांढरे पक्षी, ओरडताहेत नुसते. मला वाटलं, हे माझ्या पोराने पाहायला हवं होतं. तुला वेड आहे ना पक्ष्यांचं." माझ्या वेडाचा उल्लेख नानांनी तोवर फक्त रागावताना केला होता.

रविवारी सकाळी मी दुर्बीण लावली. पलीकडच्या काठावर दोन मगरी जबडे उघडून पडल्या होत्या. पाणमांजरांचं एक कुटुंब खडकावर ऊन खात होतं. आणि आमच्याच काठाला लागून, खाली, वाळूचा एक लांब दांडा नदीत शिरला होता. त्याच्या टोकावर काळ्या टोप्यांचे वीस-पंचवीस पक्षी बसले होते. काही उडत होते, काही दबून बसले होते. दबून बसले म्हणजे अंड्यांवर, हे मला वाचून माहीत होतं. मी नानांना दुर्बीण दिली. त्यांना आधी नुसतं आभाळ दिसलं, मग वाळू, मग एकदम ते म्हणाले, "अरे, हे तर समुद्रावरचे! हे इथे कसे?"

"इथेच अंडी घालतात. चला, दाखवतो."

आम्ही खाली उतरलो. काठ आणि दांडा यांच्यामध्ये एक सखल पट्टा होता. वाळू जरा ओलसर, एका ठिकाणी हातभर रुंद डबकं, त्यात अडकलेले चार मासे. नाना तिथे थांबले. काठीने ओली वाळू टोचली. "हे बेट तर नव्हे ना रे?"

मी हसलो. हो, हसलो. पाठीची नळी उघडून नकाशा काढला, वाळूवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार गोटे ठेवले. "हे बघा. हा महादेव, हा काठ, आणि हा दांडा काठालाच जोडलेला. बेट असतं तर मध्ये निळी रेघ आली असती. हा नकाशा मीच काढलाय नाना."

नाना वाकून त्या नकाशाकडे बराच वेळ बघत राहिले. खाली कोपऱ्यात माझी बारीक सही होती. त्या सहीवर त्यांनी बोट ठेवलं. "सुरेख झालाय," म्हणाले, आणि पाय पुढे टाकला.

पक्षी उठले. डोक्यावर येऊन ओरडू लागले. मी पुढे, एकेक पाऊल चाचपत, कुठे अंड्यावर पाय पडेल या भीतीने. मला भीती होती ती एवढीच. दहा-पंधरा हात उरले असतील, इतक्यात मागून हाक आली. काठाखाली कलिंगडांची वाडी करणारी एक केवटीण हातातला घडा टाकून धावत येत होती.

"बाबाजी! यो काई कर्यो बाबाजी? या तो टापू छे! चौमासा म यहाँ सी नाव चलऽ छे!"

हे बेट आहे, चौमासात इथून नाव चालते. तिने ज्या सखल पट्ट्याकडे हात केला तिथे आमच्या पावलांचे ठसे होते, नानांचे आणि माझे. कडेला नकाशा अजून चार गोट्यांखाली फडफडत होता.

आमचे मोजणीदार पावसाळ्यात मोजणी करत नाहीत. करताच येत नाही. साखळी वाहून जाईल, माणूस वाहून जाईल. मोजणी होते ती माघ ते वैशाख, पाणी उतरल्यावर. त्यांनी कोरडी वाळू पाहिली आणि कोरडी वाळू लिहिली. मी सावलीत बसून ती काठाला जोडली आणि खाली सही केली. त्या वाडीतल्या बाईला जे उपजत ठाऊक होतं, ते एक शब्द विचारला असता तर कळलं असतं. पण ज्याच्या पाठीला नकाशा आहे तो विचारतो कशाला! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल रिकामा राहिला असता तर एक वेळ चाललं असतं.

नाना तिथेच वाळूत बसले. ती बाई रडत होती. तिला वाटत होतं की तिने आधी पाहिलं असतं तर. मी नानांचे पाय धरले, काय बोललो ते आठवत नाही. नाना म्हणाले, "नकाशा खोटा नाही रे. उन्हाळ्यातला आहे." मग उठले, घोंगडी झटकली. "मी आता ओंकारेश्वराला जातो, पुन्हा उचलतो. तू दादाला काही सांगू नकोस. तो याच्यावर उभा आहे."

अंडी पाहायची राहिलीच.

परतीचा घाट मी गाडी ढकलत चढलो. दादा ओट्यावर बसला होता. आधी त्याने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भेटले?" "भेटले." "कसे आहेत?" "वाळलेत. पण चालताहेत." यात खोटं काही नव्हतं. खोटं दुसऱ्या दिवशी सुरू झालं, जेव्हा त्याने मला नर्मदेचा सगळा नकाशा भिंतीला लावायला सांगितला आणि लाल पेन्सिल मागितली. "दर आठवड्याला नाना कुठवर आले असतील तिथे ठिपका देत जा."

मी देत गेलो. महेश्वर, मंडलेश्वर, बडवाह. नानांची कार्डं मी कचेरीच्या पत्त्यावर मागवत असे. ती दक्षिणकाठाहून येत, कारण नाना तिथून पुन्हा पश्चिमेकडे निघाले होते. कार्डं माझ्या मेजाच्या खणात राहत, आणि भिंतीवरचा ठिपका पूर्वेकडे चालत राही. एका नकाशाने जे मोडलं होतं ते दुसऱ्या नकाशावर मी धडधाकट चालवत होतो. दादा आल्या-गेल्याला बोटाने दाखवायचा, "नाना इथवर आले."

आमच्या घरी पत्राची एक रीत होती. लिहिणारा कोणीही असो, खाली घरातल्या प्रत्येकाने आपल्या हाताने नमस्काराची एक ओळ घालायची. नानांना मी पत्र लिहिलं की दादा खाली लिहायचा, "नानांस शिरसाष्टांग नमस्कार. मी बरा आहे." पत्ता मी त्याच्या नजरेआड घालायचो. अशी तीन पत्रं गेली.

ठिपका नेमावरला पोचला आणि चातुर्मास लागला म्हणून थांबला. परिक्रमावासी पावसाळ्यात चालत नाहीत. दादाला ते माहीत होतं, तरी ठिपका हलेना हे त्याच्या मनाने घेतलं असावं. भाद्रपदात पुन्हा रक्त पडलं. शेवटच्या दिवशी त्याने भिंतीकडे बघून विचारलं, "निघाले का रे नाना?" मी म्हटलं, "निघाले." पेन्सिल घेऊन नेमावरच्या पुढे एक ठिपका दिला. पाऊस अजून चालू होता. तो ठिपका बघून तो स्वस्थ झाला, आणि संध्याकाळी गेला.

दादाचे दिवस झाले. नानांना कळवायला हवं होतं. जशी लिहितात तशी दोन ओळींची चिठ्ठी लिहायची. अशी चिठ्ठी घरात ठेवत नाहीत, वाचली की फाडून टाकतात. मी ती लिहायला बसलो आणि लिहिलं, "दादाची प्रकृती बरी आहे." कारण देता येतं. कळलं तर नाना परिक्रमा सोडतील, मग त्यांच्यापाशी काय उरेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं सांगायचं तर मी भ्यालो. एकदा त्यांना माझ्या सहीने बुडवलं होतं. दुसऱ्यांदा सही करायला हात धजेना. मग पत्रामागून पत्र जात राहिलं. प्रत्येकात दादा थोडा थोडा बरा होत होता. एका पत्रात तर मी त्याला देवीच्या टेकडीपर्यंत फिरवून आणला.

नाना तीन वर्षांनी आले. परिक्रमा पुरी करून, ओंकारेश्वराला जल चढवून, खांद्याला कुपी लटकावून. मी दार उघडलं. नाना ओट्यावर टेकले, आणि त्यांची नजर आतल्या बाजूला भिंतीशी टेकलेल्या पायगाडीकडे गेली. उठून तिथे गेले. सीटवरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली. ती त्यांनी धोतराला पुसली.

मग झोळीतून पत्रांचं पुडकं काढून माझ्या हातात दिलं. सगळी माझीच. पहिली तीन नीट घडी घातलेली, खाली दादाची ओळ. चौथं मधोमध फाडलेलं. दोन्ही तुकडे जपून एकत्र ठेवलेले. चौथ्या पत्रावर दादाच्या हातची ओळ नव्हती. ती घालायला दादाच नव्हता, आणि ती खोटी घालायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"तेव्हापासून ठाऊक आहे तुम्हाला?" मी म्हटलं.

"हो. अंघोळ केली नदीत. आणि निघालो."

"मग परत का नाही आलात नाना?"

त्यांनी माझ्या हातातलं पुडकं परत घेतलं. मग म्हणाले, "कशाला येणार? तुझ्या पत्रांत तो बरा होऊन राहिला होता. मला घरी पोचायची घाई नव्हती."

त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. मी कचेरी सोडली, देवासला येऊन शाळेत चित्रकला शिकवू लागलो. नाना माझ्याजवळच राहिले आणि बरीच वर्षं जगले. गाडी मी बरोबर आणली होती. नाना सकाळी अंगणात बसून ती पुसायचे. चालवली कोणीच नाही.

चैत्र लागला, तळ्यावर पहिला सुरय दिसला की नाना मला विचारायचे, "तिकडे बसले असतील का रे ते? आपल्या वाळूवर?" त्या वाळूवर मी परत गेलोच नव्हतो. ती आहे की वाहून गेली, हेही मला ठाऊक नव्हतं. आजही नाही.

"बसले," मी म्हणायचो. "परवाच एक जण पाहून आला."

"अंडी?"

"आहेत."

"बरं," नाना म्हणायचे आणि फडकं झटकून पुन्हा सीट पुसायला घ्यायचे.